तांबडा फुगा आणि लहान मूल

पांच-सहा वर्षांच्या मुलाला ज्यांत डोळे पाणावतील असा चित्रपट दाखवावा कीं नाहीं, असें विचारलें तर बहुतेक घरांतून 'नको' असेंच उत्तर येतें. मूल रडेल, रात्रीं दचकून उठेल, ही आईची भीति अगदींच निराधार नसते. परंतु कांहीं चित्रपटांत सुखदुःखांची वीण अशी घट्ट असते कीं, एक काढून दुसरें देतां येत नाहीं. आल्बेर लामोरिस या फ्रेंच दिग्दर्शकाचा १९५६ सालचा 'ल बालों रूज', म्हणजे 'तांबडा फुगा', हा त्यांपैकीं होय.

चित्रपट अवघा ३४ मिनिटांचा. संभाषण जवळजवळ नाहींच. त्यामुळें फ्रेंच न जाणणाऱ्या घरांतही दुभाष्याची गरज पडत नाहीं. (अशा चित्रपटाला ऑस्करचें पारितोषिक मिळालें तें पटकथालेखनाचें, ही मौजच म्हणावयाची!) पॅरिसच्या बेलव्हील-मेनिलमाँताँ या चढउताराच्या वस्तींतील एक मुलगा शाळेला जातांना दिव्याच्या खांबाला अडकलेला फुगा सोडवितो. बसचा कंडक्टर फुग्याला आंत घेत नाहीं, तेव्हां मुलगा पायींच धांवत सुटतो. पाऊस येतो, तेव्हां फुगा भिजूं नये म्हणून तो वाटेवरच्या लोकांच्या छत्र्यांचा आसरा शोधतो. घरांतील वडील बाई फुगा खिडकीबाहेर सोडून देते. फुगा मात्र तेथेंच घोटाळत राहतो. पुढें तो पाळीव कुत्र्यासारखा मुलाच्या मागें हिंडूं लागतो. शाळेचे मुख्याध्यापक मुलाला कोंडून ठेवतात, तेव्हां हा फुगा त्यांच्या डोक्याभोंवतीं घिरट्या घालून त्यांना भंडावून सोडतो. या जागीं मुलें पोट धरून हंसतात. शिक्षकाचें घर असलें तरी तें हंसूं आवरूं नये!

तो मुलगा दिग्दर्शकाचाच पुत्र पास्काल, आणि निळा फुगा घेऊन येणारी चिमुरडी ही त्याची बहीण साबीन. फुगा चालविण्यांत युक्ति आहेच. परंतु मुलगा आणि फुगा एकाच चौकटींत दिसतात, म्हणून मुलाचा त्यावर विश्वास बसतो. एकदां विश्वास बसला कीं तो फुगा राहत नाहीं, सोबती होतो.

म्हणूनच पुढचा प्रसंग जड जातो. टारगट पोरांचें टोळकें फुगा पळवितें आणि गलोलीनें त्यावर दगड मारतें. फुगा फट्कन् फुटत नाहीं. तो सुरकुततो, हळूहळू खालीं येतो, आणि एक पोर त्यावर पाय देतो. येथें घाबरून चित्रपट बंद करणारे आईबाप मुलाचें मोठें नुकसान करतात. कारण मग त्याच्यापाशीं मरण तेवढें उरतें. अजून कांहीं क्षण थांबलें, तर साऱ्या पॅरिसचे फुगे मुलांच्या हातांतून सुटून निघतात, पास्कालभोंवतीं गोळा होतात आणि त्याला उचलून छपरांवरून घेऊन जातात.

दुसरी चूक याहून सूक्ष्म आहे. "बघ, एकाच्या बदल्यांत किती मिळाले!" असें म्हणून वडील माणसें सुटकेचा निःश्वास टाकतात. मूल विचारतें, "पण तो तांबडा कुठें गेला?" त्याचा हिशेब बरोबर आहे. लामोरिसला तो फुगा पुन्हा फुगवून दाखविणें अवघड नव्हतें. त्यानें तसें केलें नाहीं. तेव्हां "तो गेला, बाळ" एवढेंच सांगावें आणि गप्प बसावें. मूल कुशींत शिरलें तर शिरूं द्यावें. "वाईट मुलांची संगत धरूं नये" असला उपदेश तर मुळींच करूं नये. त्या वेळीं तो कानांतही शिरत नाहीं.

शेजारीं बसलेल्या मोठ्या माणसाचें दुःख वेगळें असतें. ज्या गल्ल्यांतून पास्काल धांवतो, त्यांतील पुष्कळशा १९६० नंतरच्या पाडापाडींत नाहींशा झाल्या. स्वतः लामोरिस १९७० सालीं इराणमध्यें चित्रीकरण चालू असतांना हेलिकॉप्टरच्या अपघातांत मृत्यु पावला. हें मुलाला सांगण्याचें कारण नाहीं.

चित्रपट आधीं आपण एकदां पाहून ठेवावा आणि मुलाला दिवसाउजेडीं दाखवावा, निजावयाच्या वेळीं नव्हे. मूल बहुधा तो पुन्हा लावावयास सांगतें. दगडांचा प्रसंग जवळ आला कीं कांहीं मुलें उशींत तोंड खुपसून बजावतात, "फुगे आले कीं सांग हं." त्यांना वेळेवर हांक मारावी.