जपानीचा धडा मराठीतून का नको?

महाविद्यालयात जपानी भाषेचा पहिला वर्ग भरतो तेव्हा बहुतेक विद्यार्थ्यांच्या मनात लिपीची धास्ती असते. ती अगदीच निराधार नाही. हिरागाना आणि काताकाना या दोन अक्षरमाला, प्रत्येकीत मूळ 46 अक्षरे, आणि त्यांच्या जोडीला चिनी उगमाची कांजी चिन्हे. जपान सरकारने 2010 साली सुधारलेल्या नित्य वापराच्या यादीतच ती 2136 आहेत. अमेरिकेच्या परराष्ट्र सेवेच्या प्रशिक्षण संस्थेने जपानीची गणना सर्वांत अवघड भाषांत केली असून तिला सुमारे 2200 तासांचे अध्यापन लागते, असा हिशेब मांडला आहे. हा हिशेब इंग्रजी भाषकाचा आहे, ही गोष्ट मात्र सोयिस्करपणे विसरली जाते.

पुण्यात विद्यापीठाच्या विदेशी भाषा विभागात, टिळक महाराष्ट्र विद्यापीठात आणि अनेक खासगी वर्गांत जपानी शिकवली जाते. परंतु व्याकरणाचे स्पष्टीकरण बहुधा इंग्रजीतून होते. परिणामी मराठी विद्यार्थी एका परक्या भाषेच्या चष्म्यातून दुसरी परकी भाषा पाहतो, आणि जे त्याच्या घरचेच आहे तेही त्याला अपरिचित वाटू लागते.

वास्तविक जपानी वाक्याची ठेवण मराठीच्या फार जवळ आहे. कर्ता, कर्म आणि शेवटी क्रियापद हा क्रम तोच. इंग्रजीत नामाच्या आधी येणारे शब्द येथे विभक्तिप्रत्ययांसारखे नामानंतर येतात. ‘तोमोदाचि नो इए’ म्हणजे मित्राचे घर. ‘तोक्यो नि’ म्हणजे तोक्योला. ‘इकिमासु का?’ म्हणजे ‘जाता का?’, प्रश्नार्थक ‘का’सुद्धा वाक्याच्या शेवटी, त्याच जागी. (दोन्ही ‘का’ एका मुळाचे आहेत असा निष्कर्ष कोणी उत्साहाच्या भरात काढू नये.) साम्य खरे खुलते ते संयुक्त क्रियापदांत. ‘ताबेते मिरु’ म्हणजे खाऊन पाहणे, ‘काइते ओकु’ म्हणजे लिहून ठेवणे. ‘मिरु’चा मूळ अर्थ पाहणे, ‘ओकु’चा ठेवणे. इंग्रजी पाठ्यपुस्तकाला हे समजावण्यास परिच्छेद खर्चावा लागतो. मराठी मुलाला दोन शब्द पुरतात.

अक्षरमालेचा क्रम तर थेट भारतातून गेलेल्या विद्येचे देणे आहे. ‘अ, इ, उ, ए, ओ’ आणि त्यापुढे ‘क, स, त, न, ह, म, य, र, व’ ही मांडणी बौद्ध भिक्षूंनी केलेल्या सिद्धम् लिपीच्या व संस्कृत उच्चारशास्त्राच्या अभ्यासातून घडली. कूकाई हा भिक्षू नवव्या शतकाच्या आरंभी चीनमधून हीच विद्या घेऊन परतला. आजच्या ‘ह’च्या जागी पूर्वी ‘प’चा उच्चार होता हे ध्यानात घेतले की ‘त, न, प, म’ हा आपल्या वर्णमालेचाच ओघ दिसू लागतो.

अर्थात मराठी सर्वत्र हात देत नाही. पेन्सिली मोजताना ‘इप्पोन, निहोन, सानबोन’ असा दर आकड्याला रूप पालटणारा प्रत्यय, किंवा ‘वा’ आणि ‘गा’ यांतील सूक्ष्म भेद, येथे सर्वांनाच ठेचा लागतात. उलट लिंग, वचन व पुरुष यांनुसार क्रियापद बदलत नाही, ही मोठीच सुटका.

या प्रश्नाला आता पोटापाण्याची बाजूही आली आहे. विशिष्ट कौशल्याच्या परदेशी कामगारांसाठी जपानने 2019 साली नवी व्यवस्था सुरू केली आणि 2021 साली भारताशी तत्संबंधी करार केला. त्यासाठी सर्वसाधारणपणे खालून दुसऱ्या पातळीइतके तरी जपानी यावे लागते. रुग्णशुश्रूषेच्या किंवा यंत्रशाळेच्या कामावर जाऊ इच्छिणारी तालुक्याच्या गावची मुलगी वा मुलगा वर्ग मध्येच सोडतो तो पुष्कळदा जपानीपुढे हार मानून नव्हे, तर तिच्या इंग्रजी स्पष्टीकरणापुढे. आणि आपल्यालाच भाषा येत नाहीत, अशी समजूत घेऊन घरी जातो.

वर्गात अमराठी विद्यार्थीही असतात, हा आक्षेप रास्त आहे. पण त्यासाठी सारे अध्यापन बदलण्याची गरज नाही. पहिल्या वर्षाच्या पाठांना जोडून मराठीतील साधी व्याकरणपुस्तिका विद्यापीठांना सहज काढता येईल. दोन्ही भाषा जाणणारे अध्यापक पुण्यात आहेत. कांजी मात्र कोणत्याही माध्यमातून शिकवल्या तरी घोटाव्याच लागतील, आणि चौकटींच्या वहीला पर्याय अद्याप निघालेला नाही.