टार संग्रह

टार संग्रह : संगणकावरील अनेक फाइली व त्यांना सामावणाऱ्या निर्देशिका एकामागोमाग एक जोडून केलेली एकच सलग फाइल म्हणजे टार संग्रह होय. असा संग्रह बांधणाऱ्या व पुन्हा सोडविणाऱ्या आज्ञावलीचे नावही टार हेच असून ते ‘टेप आर्काइव्ह’ म्हणजे फितीवरील संग्रह या इंग्रजी शब्दांचे संक्षिप्त रूप आहे. युनिक्स व तिच्या पठडीतील लिनक्ससारख्या परिचालन प्रणालींत ही आज्ञावली मूळचीच असते. पडद्यावरील चित्रे व चिन्हे यांचा आधार न घेता, टंकलेल्या एका ओळीने ती चालविली जाते (→ संगणक).

जुन्या दप्तरखान्यांत कागद रुमालात बांधून ठेवीत. पुण्याच्या पेशवे दप्तरातील रुमाल संशोधकांच्या परिचयाचे आहेत. टार संग्रहाला संगणकातील रुमाल म्हणता येईल. रुमालात बांधल्याने कागद लहान होत नाहीत, ते केवळ एकत्र राहतात आणि एका जागेहून दुसऱ्या जागी नेताना त्यांतील एखादा गळत नाही. टारचे कार्यही मुळात एवढेच आहे. मजकूर दाबून त्याचा आकार कमी करणे, म्हणजे संपीडन, हे दुसऱ्या आज्ञावलीचे काम होय. या दोन क्रियांची गल्लत नेहमी होते आणि तिच्यातून पुढे बरेच गैरसमज उद्‌भवतात.

इतिहास : बेल प्रयोगशाळेत तयार झालेल्या युनिक्स प्रणालीच्या सातव्या आवृत्तीत (१९७९) टार प्रथम आली. तिच्या आधी फितींसाठी टीपी नावाची आज्ञावली वापरीत. टीपी ही फितीच्या आरंभी सर्व फाइलींची सूची लिहून ठेवी. त्यामुळे सूचीची जागा भरली की फीत अर्धी रिकामी असूनही उपयोग नसे. टारने सूची काढून टाकली व प्रत्येक फाइलीच्या आधी तिची माहिती सांगणारी चिठ्ठी ठेवण्याची पद्धत आणली. निरनिराळ्या उत्पादकांच्या टारमध्ये पुढे भेद पडू लागले, म्हणून १९८८ च्या पॉझिक्स मानकात ‘यूस्टार’ नावाचा प्रमाण आकृतिबंध ठरविण्यात आला. २००१ च्या मानकात ‘पॅक्स’ हा अधिक विस्तृत आकृतिबंध आला. आज सर्वांत प्रचलित असलेली ग्नू टार ही जॉन गिल्मोर यांनी लिहिलेल्या मुक्त आज्ञावलीतून विकसित झाली. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज १० प्रणालीतही २०१८ पासून टार ही आज्ञा उपलब्ध झाली आहे.

रचना : संग्रहातील प्रत्येक फाइलीपूर्वी ५१२ बाइटांचा एक शीर्षखंड असतो. त्यात फाइलीचे नाव, ती वाचण्या-बदलण्याचे अधिकार, मालकाचा क्रमांक, आकार, शेवटच्या बदलाची वेळ आणि शीर्षखंडातील सर्व बाइटांची बेरीज नोंदलेली असते. त्यामागून फाइलीचा मजकूर येतो. तो ५१२ च्या पटीत नसल्यास शेवटचा खंड शून्यांनी भरून काढतात. सर्व फाइली संपल्यावर शून्यांचे दोन खंड येतात व तेथे संग्रह संपतो. फितीवर लिहिताना असे वीस खंड, म्हणजे १०,२४० बाइट, एका दमात लिहितात, कारण फीत थांबवून पुन्हा सुरू करताना प्रत्येक वेळी तिचा काही भाग कोरा सोडावा लागतो. फितीचा वापर मर्यादित झाला, तरी ही मापे टारमध्ये तशीच राहिली आहेत.

या रचनेचा खर्च अल्प आहे. चारशे पृष्ठांच्या ग्रंथाची चारशे छायाचित्रे टारमध्ये बांधली, तर शीर्षखंड व भरणा मिळून सरासरीने सुमारे तीन लाख बाइट वाढतात. आजच्या एका चांगल्या छायाचित्राइतकीही ही वाढ नाही. मात्र सूची नसल्याने शेवटची फाइल शोधण्यासाठी संग्रह आरंभापासून चाळावा लागतो. उलट झिप या आकृतिबंधात (१९८९) सूची संग्रहाच्या अखेरीस असते व हवी ती फाइल थेट काढता येते. वीज गेल्यामुळे बांधणी मध्येच तुटली, तर टारमधील तोवर लिहिलेल्या फाइली सुखरूप सोडविता येतात. झिपची सूची लिहिली जाण्यापूर्वीच काम थांबल्यास ती दुरुस्त केल्याशिवाय बहुधा काहीच हाती लागत नाही. कल्याण-डोंबिवली परिसराने २००५ नंतरच्या काही वर्षांत दररोज तासन्‌तास भारनियमन सोसले आहे. तेथील वाचकास या फरकाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

एक उणीव विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. बेरजेचा पडताळा फक्त शीर्षखंडाचा असतो, फाइलीतील मजकुराचा नसतो. मजकुरातील एखादा बाइट तबकडीवर पडून पडून बिघडला, तर टार काहीही तक्रार न करता बिघडलेली फाइल सोडवून देते. म्हणून जपणुकीसाठी केलेल्या संग्रहाबरोबर प्रत्येक फाइलीची एसएचए-२५६ सारख्या पद्धतीने काढलेली ठसा-संख्या वेगळ्या यादीत नोंदवून ठेवणे आवश्यक आहे.

वापर : आज्ञा प्रत्यक्षात रोमन अक्षरांत टंकावी लागते, येथे तिचा केवळ उच्चार दिला आहे. ‘टार सीएफ ग्रंथ.टार ग्रंथ’ या आज्ञेने ‘ग्रंथ’ नावाच्या निर्देशिकेतील सर्व फाइली ‘ग्रंथ.टार’ या संग्रहात बांधल्या जातात. यातील ‘सी’ म्हणजे निर्माण करणे, तर ‘एफ’ या अक्षराने पुढे येणारे नाव संग्रहाच्या फाइलीचे आहे, असे कळते. ‘सी’च्या जागी ‘टी’ घातल्यास संग्रहात काय आहे त्याची यादी मिळते, ‘एक्स’ घातल्यास तो सुटतो आणि ‘आर’ घातल्यास त्याच्या अखेरीस नव्या फाइली जोडल्या जातात. ‘व्ही’ जोडल्यास चाललेले काम पडद्यावर दिसत राहते. सोडविलेल्या फाइली अन्यत्र ठेवावयाच्या असतील, तर मोठ्या लिपीतील ‘सी’ व त्यापुढे त्या निर्देशिकेचे नाव देतात. येथे लहान व मोठे ‘सी’ यांचे अर्थ अगदी भिन्न आहेत.

आज्ञा आटोपशीर असल्याने चूकही आटोपशीरपणे होते. संग्रहाचे नाव देण्यास विसरून नुसती फाइलींची नावे दिली, तर पहिल्या फाइलीलाच संग्रहाचे नाव समजून टार तिच्यातील मजकूर पुसते व तिच्या जागी संग्रह लिहिते. ‘एक्स’ऐवजी ‘सी’ टंकला गेल्यास जुन्या संग्रहावर असाच घाला येऊ शकतो. आत घालावयास एकही फाइल सांगितलेली नसेल, तर मात्र ग्नू टार रिकामा संग्रह करण्यास ‘भित्रेपणाने’ नकार देत असल्याचे कळविते. आज्ञावलीच्या कर्त्यांचा हा विनोद अनेकांचे संग्रह वाचवून गेला असावा. सोडविताना त्याच नावाची फाइल आधीपासून असल्यास ती न विचारता बदलली जाते. काही संग्रह बांधताना वरची निर्देशिका घेतलेली नसते. असा संग्रह सोडविताच शेकडो फाइली चालू जागी विखुरतात. म्हणून अनोळखी संग्रह प्रथम ‘टी’ने चाळावा व मग रिकाम्या निर्देशिकेत सोडवावा, हा क्रम इष्ट होय.

संपीडन : टार संग्रहाचे संपीडन जीझिप (१९९२), बीझिप२ (१९९६) किंवा एक्सझेड या आज्ञावलींनी करतात, त्यांसाठी आज्ञेत अनुक्रमे लहान ‘झेड’, लहान ‘जे’ व मोठा ‘जे’ ही अक्षरे जोडतात. जीझिपचा पाया झिव्ह व लेंपेल यांनी १९७७ मध्ये मांडलेली पद्धत हा आहे. मजकुरात पूर्वी येऊन गेलेला तुकडा पुन्हा आला, की तो न लिहिता ‘इतके मागे जाऊन इतके घ्या’ एवढेच लिहितात. त्यानंतर हफमन यांच्या पद्धतीने (१९५२) वारंवार येणाऱ्या चिन्हांना आखूड संकेत देतात. मराठी मजकुराला हे विशेष मानवते. यूटीएफ-८ या प्रचलित संकेतनात देवनागरीतील प्रत्येक वर्ण वा मात्रा तीन बाइट घेते. त्यांतील पहिला बाइट सर्वत्र एकच व दुसरा दोहोंपैकी एक असतो; म्हणजे तिसऱ्यातच खरी माहिती असते. यामुळे देवनागरी मजकुराची फुगलेली जागा संपीडनात बहुतांशी परत मिळते. जेपेग छायाचित्रे आधीच दाबलेली असल्याने त्यांवर वेळ घालविणे व्यर्थ होय. शिवाय दाबलेल्या संग्रहात मध्ये एक बाइट बिघडला, तर त्यापुढील मजकूर सहसा उलगडत नाही. न दाबलेल्या टारमध्ये ती एकच फाइल बिघडते. दुर्मिळ साहित्य दीर्घकाळ ठेवावयाचे असल्यास ते न दाबता ठेवावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. आज साठवणुकीची जागा स्वस्त झाली आहे, गेलेले पान परत मिळत नाही.

मराठी नावांचा प्रश्न : जुन्या आकृतिबंधाच्या शीर्षखंडात नावासाठी १०० बाइट राखलेले असून त्यातच निर्देशिकांची नावेही बसवावी लागतात. रोमन लिपीत ही जागा पुष्कळ आहे. देवनागरीत तीत जेमतेम ३३ चिन्हे मावतात आणि काना, मात्रा, अनुस्वार व हलन्त ही सर्व स्वतंत्र चिन्हे धरली जातात. ‘महाराष्ट्र’ या शब्दाला १० चिन्हे, म्हणजे ३० बाइट लागतात. ‘मराठी ग्रंथसंग्रहालय ठाणे’ या नावाच्या निर्देशिकेत ‘महाराष्ट्र सारस्वत’ नावाची फाइल ठेवल्यास पहिल्या नावाला ७१, तिरप्या रेघेला १ व दुसऱ्याला ५२ असे १२४ बाइट होतात. जुन्या टारमध्ये ते नाव बसूच शकत नाही. यूस्टारने निर्देशिकांसाठी आणखी १५५ बाइट दिले, त्यामुळे हे उदाहरण तरी निभावते. पॅक्स आकृतिबंधात लांबीचे बंधन उरलेले नाही आणि नावे यूटीएफ-८ मध्येच लिहावीत, असा दंडक आहे. मराठी नावांच्या फाइली बांधताना पॅक्सच वापरणे श्रेयस्कर होय. आकारालाही जुनी मर्यादा आहे : अष्टमान पद्धतीतील अकरा अंकांत लिहिता येणारी सर्वांत मोठी संख्या ८ अब्ज ५८ कोटी ९९ लाख ३४ हजार ५९१ असल्याने यूस्टारमध्ये त्याहून अधिक बाइटांची फाइल घालता येत नाही.

ग्रंथसंग्रहांच्या संदर्भात : वर घेतलेले उदाहरण सहेतुक आहे. महाराष्ट्र सारस्वताचे कर्ते वि. ल. भावे यांच्या पुढाकाराने १८९३ मध्ये ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय त्याहूनही जुने, १८६४ चे आहे. ठाण्याच्या संग्रहातील अनेक जुन्या ग्रंथांच्या प्रतिमा ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या प्रकल्पात घेण्यात आल्या. त्यांच्या पहिल्या पानांवर संग्रहालयाचा ‘स्थळप्रत’ असा शिक्का आजही वाचता येतो. या प्रकल्पाच्या संकेतस्थळावर प्रत्येक पृष्ठ ही एक वेगळी फाइल होती व तिचे नाव म्हणजे केवळ अनुक्रमांक होता. एका ग्रंथाचे विसावे पृष्ठ व दुसऱ्या ग्रंथाचे विसावे पृष्ठ यांची नावे त्यामुळे सारखीच. निर्देशिकेची चौकट सुटून अशा फाइली एकत्र मिसळल्या, तर त्या पुन्हा लावणे दुरापास्त, आणि एकीवर एक लिहिली गेली, तर पान कायमचे गेले. टार संग्रह निर्देशिकेसह बांधला जातो, हा त्याचा गुण येथे निर्णायक ठरतो. २०१७ च्या सुमारास ते संकेतस्थळ वाचकांना बंद झाले. तत्पूर्वी त्यातील बहुसंख्य ग्रंथांच्या प्रती इंटरनेट आर्काइव्ह या अमेरिकेतील संस्थेच्या संग्रहात पोहोचल्या होत्या, म्हणून ते अद्याप वाचावयास मिळतात.

प्रत दुसऱ्या जागी असणे का आवश्यक आहे, याचा अनुभव या भागाने पाण्याच्या रूपानेही घेतला आहे. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत उल्हास नदीचे पाणी कल्याण परिसरातील वस्त्यांत शिरले. कपाटातील कागद व टेबलाखालील संगणक यांत पुराने भेद केला नाही. मूळ तबकडी व तिची प्रत एकाच तळमजल्यावर असतील, तर त्या दोन प्रती नसून एकच होय. टारने केलेला संग्रह ही एकच फाइल असल्यामुळे ती बाहेरगावी पाठविणे सोपे जाते. ‘एफ’पुढे नावाऐवजी लहान आडवी रेघ दिल्यास तर संग्रह तबकडीवर न लिहिता थेट तारेवरून दूरच्या संगणकाकडे वाहता ठेवता येतो. फितीसाठी केलेली सलग रचना या कामी आयतीच उपयोगी पडली.

जुन्या मुद्रणालयांतील फाइलींबाबत आणखी एक दक्षता घ्यावी लागते. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी, विशेषतः १९९० नंतरच्या दशकात, मराठी अक्षरजुळणी श्रीलिपी, आकृती, आयएसएम इ. आज्ञावलींवर होत असे व प्रत्येकीचे अक्षरसंकेत निराळे होते. अशी फाइल टारमधून जशीच्या तशी बाहेर येते, पण तिचा टंक जवळ नसेल, तर पडद्यावर निरर्थक रोमन चिन्हेच दिसतात. त्यामुळे संग्रहात मूळ फाइलीबरोबर वापरलेल्या आज्ञावलीचे व टंकाचे नाव सांगणारी साधी मजकूर-फाइल, टंकाच्या परवान्याची मुभा असल्यास प्रत्यक्ष टंक, आणि पृष्ठांची पीडीएफ प्रत हे सर्व एकत्र बांधतात. ही मजकूर-फाइल आज्ञेत पहिली सांगावी. सूची नसलेल्या संग्रहात ती सर्वांआधी सापडते.