करार झाला, व्हिसा मात्र लागतोच
बेंगळुरूच्या चामराजपेटेत राहणारा एखादा मराठी अभियंता ग्राहकाची संगणक यंत्रणा बसवून द्यायला लंडनला निघाला, की घरच्यांना वाटते, भारत-ब्रिटन करार झालाय ना, आता व्हिसाची कटकट संपली. तसे होत नाही. 1995 पासून लागू असलेल्या सेवा व्यापाराच्या जागतिक करारातच सेवा देणाऱ्या व्यक्तींच्या तात्पुरत्या प्रवेशाचे एक परिशिष्ट आहे. नागरिकत्व, कायमचे वास्तव्य आणि कायमची नोकरी हे विषय ते सरळ बाजूला ठेवते. व्हिसा मागायचा हक्कही देशाकडेच राहतो.

मग करार हवा कशाला? कारण करारात कबूल केलेल्या गटावर उद्या नवी कोटा मर्यादा लादणे यजमान सरकारला अवघड जाते. हा फायदा छोटा वाटेल, पण तारखा ठरवून काम घेणाऱ्या कंपनीला हीच खात्री विकत घ्यायची असते. स्थानिकांच्या नोकऱ्या जातील, हा आक्षेप पोकळ नाही; कंपन्या स्वस्त माणूस पाठवून वेतन दाबू शकतात. त्यावरचा उपाय वेतनाची किमान अट आणि काटेकोर तपासणी हा आहे, दार लावून घेणे नव्हे. 24 जुलै 2025 रोजी सही झालेल्या भारत-ब्रिटन करारात आचारी, योगशिक्षक आणि शास्त्रीय संगीतकार यांच्यासाठी मिळून वर्षाला 1,800 जागांची मर्यादा आहे. चर्चा तिचीच जास्त झाली. अभियंत्यांच्या कंपन्यांना खरा दिलासा वेगळाच: तिकडे तात्पुरते पाठवलेल्या कर्मचाऱ्यासाठी तीन वर्षांपर्यंत दोन्ही देशांत सामाजिक सुरक्षेची वर्गणी भरावी लागू नये, हे याच वाटाघाटींत ठरले.