तिकीट हाती, पण आसन नाही

विमानाचा प्रवास आता केवळ धनिकांचा राहिलेला नाही. आखातात कामधंद्यास जाणारा तरुण, दूरच्या शहरी इस्पितळात परिचारिकेचे काम करणारी कन्या, परदेशी असलेल्या नातवाचे तोंड पाहावयास निघालेली आजी, असे आपल्या गावोगावचे लोक आज विमानाने जातात. त्या तिकिटासाठी कित्येकदा घरच्या सर्वांनी मिळून पैसे जमविलेले असतात; प्रसंगी कर्जही काढलेले असते. म्हणून विमानप्रवाशाच्या एका हक्काची माहिती प्रत्येक कुटुंबास असावी, असे आम्हांस वाटते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या परिचयातील एका परिचारिकेस वडील अत्यवस्थ असल्याचा निरोप आला. तिने त्याच दिवशीचे तिकीट काढले व ती वेळेपूर्वी विमानतळावर पोहोचली. काउंटरवरील कर्मचाऱ्याने तिला सांगितले, “विमान भरले आहे. उद्या सकाळच्या विमानाने जा.” तिने विनवण्या केल्या, उपयोग झाला नाही. तिच्या हाती भोजनाची एक चिठ्ठी देण्यात आली आणि एका कागदावर सही घेण्यात आली. दुसऱ्या दिवशी ती घरी पोहोचली, तेव्हा वडील गेलेले होते. पुढे तो कागद आम्ही वाचला. “मी स्वखुशीने आसन सोडीत आहे,” असा त्याचा आशय होता! जे तिच्याकडून हिरावून घेतले गेले, ते तिने आपण होऊन दिले, असे त्या एका सहीने ठरले.

तिकीट असूनही जागा नाही, हे घडते कसे? तिकीट काढलेल्यांपैकी काही जण ऐनवेळी येत नाहीत, असा विमान कंपन्यांचा अनुभव असतो. रिकामे आसन घेऊन विमान एकदा उडाले की त्या आसनाचे मोल बुडाले. म्हणून आसनांपेक्षा काही तिकिटे अधिक विकली जातात. यालाच ओव्हरबुकिंग म्हणतात. बहुधा हा हिशेब जमतो. परंतु सर्वच प्रवासी आले म्हणजे कोणास तरी मागे राहावे लागते. एस.टी.त जागा नसली तर उभ्याने जाता येते. रेल्वे प्रतीक्षा यादीतील प्रवाशास तसे आधीच कळविते. विमानात उभे राहता येत नाही, आणि आपले आसन दोघांस विकले गेले आहे हे काउंटरवर जाईपर्यंत प्रवाशास ठाऊक नसते.

या विषयावरील एक प्रसिद्ध खटला अमेरिकेत झाला. ग्राहकांच्या हक्कांसाठी झगडणारे राल्फ नेडर हे 1972 च्या एप्रिल महिन्यात वॉशिंग्टनहून हार्टफर्डला एका सभेत भाषण करण्यासाठी निघाले होते. त्यांचे आरक्षण पक्के होते. तरी विमान भरल्याचे सांगून ॲलेगेनी एअरलाइन्स या कंपनीने त्यांना मागे ठेवले. त्यांनी दावा लावला. जादा तिकिटे विकण्याची चाल प्रवाशांपासून लपविली, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. 1976 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, सरकारी नियामक मंडळ आहे एवढ्यावरून अशा फसवणुकीबद्दल प्रवाशास न्यायालयाचे दार बंद होत नाही. पुढे 1978 साली तेथे नियम झाला की, कोणास उतरविण्यापूर्वी मोबदला घेऊन आपण होऊन थांबण्यास कोण तयार आहे, हे कंपनीने प्रथम विचारावे. युरोपीय संघानेही 2004 साली नियम केला. तेथील विमानतळावरून निघणाऱ्या विमानात जागा नाकारल्यास अंतराच्या मानाने 250 ते 600 युरो भरपाई ठरलेली आहे.

आता आपल्या देशाकडे वळू. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने 2010 साली याविषयी नियम केले व 2016 साली भरपाईच्या रकमा वाढविल्या. त्यांचे सार असे: कंपनीने प्रथम स्वेच्छेने थांबणारे प्रवासी शोधावेत. तरीही एखाद्यास त्याच्या इच्छेविरुद्ध मागे ठेवले, तर मूळ वेळेपासून एका तासाच्या आत सुटणारे दुसरे विमान दिल्यास भरपाई नाही. चोवीस तासांच्या आतले विमान दिल्यास एकेरी मूळ भाडे व इंधन आकार यांच्या दुप्पट, परंतु 10,000 रुपयांपर्यंत. त्याहून उशिराचे दिल्यास चौपट, परंतु 20,000 रुपयांपर्यंत. दुसरे विमान नको असेल तर तिकिटाचे पूर्ण पैसे परत, आणि वर हीच चौपट भरपाई. उदाहरणार्थ, भाडे व इंधन आकार मिळून 3,000 रुपये असतील, तर अनुक्रमे 6,000 व 12,000 रुपये होतात.

मात्र तिकीट पक्के असले पाहिजे व प्रवासी ठरलेल्या वेळेत हजर असला पाहिजे. उशिरा पोहोचलेल्यास किंवा ज्याची कागदपत्रे अपुरी आहेत त्यास हा नियम लागू नाही. विमान रद्द झाले वा लांबले, तर त्याचे नियम निराळे आहेत.

नियम कागदावर राहू नयेत यासाठी शासन कधी कधी बडगाही उगारते. जून 2022 मध्ये महासंचालनालयाने अशी भरपाई न दिल्याबद्दल एअर इंडियाला दहा लाख रुपये दंड केला. परंतु प्रत्येक काउंटरपाशी शासन उभे राहू शकत नाही. तेथे प्रवाशानेच सावध असले पाहिजे.

म्हणून वाचकांनी एवढे करावे. आवाज न चढविता विचारावे, “आपण मला माझ्या इच्छेविरुद्ध नाकारीत आहात काय? तसे लिहून द्या.” न वाचता सही करू नये, वाचता येत नसेल तर शेजारच्या प्रवाशाकडून वाचून घ्यावे. स्वखुशीने थांबावयाचे असल्यास मोबदला आधी ठरवून घ्यावा. तिकीट, सामानाची पावती व कंपनीचे संदेश जपून ठेवावेत. कंपनीने दाद न दिल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक क्रमांकावर तक्रार करता येते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते. त्यासाठी कंपनीच्या शहरी खेटे घालावे लागत नाहीत, आणि वकील दिलाच पाहिजे असेही नाही.

आपली साधी माणसे मोठ्या इमारतीत, गणवेशधारी कर्मचाऱ्यांपुढे दबून जातात. हक्क मागणे म्हणजे भांडण करणे, असे त्यांस वाटते. तसे नाही. दिलेल्या शब्दाची आठवण करून देणे हा उद्धटपणा नव्हे. त्या परिचारिकेस पित्याची अखेरची भेट कोणतीही भरपाई देऊ शकली नसती, हे खरे. पण “मला आजच जावयाचे आहे, मी सही करणार नाही, दुसऱ्या कोणास विचारा,” एवढे म्हणण्याचा हक्क आपल्याला आहे हे तिला ठाऊक असते, तर कदाचित एखाद्या सहप्रवाशाने आपले आसन तिला दिले असते. घरातून कोणी विमानतळाकडे निघेल, तेव्हा शिदोरीबरोबर एवढी माहितीही त्याला द्यावी.