गुडघेदुखी आणि पूरक गोळ्या

साठी उलटली तरी ज्यांचा पाय घरात ठरत नाही, अशी माणसे प्रत्येक गावात असतात. पहाटे शेतावर जाणारे आजोबा, डोक्यावर चाऱ्याचा भारा आणणाऱ्या आजी, आषाढात वारीला पायी निघणारी मंडळी. अशांचे गुडघे कुरकुरू लागले की कोणीतरी शहरातून गोळ्यांची बाटली आणून देतो. "महिनाभर घ्या, गुडघ्यात वंगण तयार होईल," असे सांगतो. या गोळ्यांत असते काय आणि त्यांनी खरोखर गुण येतो काय, हे आज आपण पाहू.

प्रथम गुडघ्याची रचना ध्यानात घ्यावी. मांडीचे आणि नडगीचे हाड जेथे मिळते, तेथे दोन्हींच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. या कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत. सांध्यातील चिकट द्रवातून तिला पोषण मिळते, आणि पाय हलला की तो द्रव आतबाहेर होतो. वयाबरोबर कूर्चा झिजते व सहजी भरून येत नाही. तेव्हा दुखतो म्हणून गुडघा अगदीच स्वस्थ ठेवणे हाही उपाय नव्हे, बरं का!

बाटलीवर बहुधा दोन नावे असतात: ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन. पहिले बहुधा खेकडे-कोळंबीच्या कवचांपासून, दुसरे जनावरांच्या कूर्चेपासून काढतात. माळकरी मंडळींनी हे आधी जाणून घ्यावे. कूर्चेतली द्रव्ये पोटात घेतली म्हणजे कूर्चा भरेल, हा तर्क वरवर पटतो. पण पोटात गेलेला पदार्थ नेमका गुडघ्यातच जाऊन बसेल असे थोडेच आहे?

अमेरिकेत 1583 रुग्णांवर या गोळ्यांची परीक्षा झाली. तिचा निष्कर्ष 2006 साली प्रसिद्ध झाला. काहींना 24 आठवडे या गोळ्या दिल्या, काहींना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी दिली. गंमत पाहा, औषध नसलेल्या गोळीनेही शंभरांत साठ जणांना बरे वाटले! एकंदरीत खऱ्या गोळ्या तिच्याहून फारशा सरस ठरल्या नाहीत. ज्यांच्या वेदना जास्त होत्या अशा लहान गटाला दोन्ही द्रव्यांचा एकत्र उपयोग झालासा दिसला. पण तेवढ्यावरून खात्री देता येत नाही. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने 2019 सालच्या मार्गदर्शिकेत गुडघ्याच्या झिजेसाठी ग्लुकोसामाइन घेऊ नये, असाच सल्ला दिला.

आपल्या ओळखीच्या दोन वस्तूंचे काय? सातपुड्यात सालईचे झाड होते. त्याच्या डिंकाच्या अर्काचा प्रयोग नागपुरात 30 रुग्णांवर झाला व तो 2003 साली प्रसिद्ध झाला. त्यात वेदना कमी झाल्याचे आढळले. हळदीतील कर्क्युमिननेही लहान प्रयोगांत थोडा आराम दिसला आहे. मात्र शंभर ग्रॅम हळदीत कर्क्युमिन जेमतेम तीनेक ग्रॅम असते. भाजीतली चिमूट म्हणजे ती गोळी नव्हे. आणि हळदीच्या अशा तीव्र गोळ्यांनी क्वचित यकृताला इजाही झाली आहे.

आणखी एक सावधगिरी. ही पूरके आपल्याकडे अन्नाच्या कायद्याखाली विकली जातात. औषधी वापरासाठी नाही, अशी सूचनाही वेष्टनावर असते. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्यावाचून यांतले काहीही घेऊ नये. गुडघा एकाएकी सुजला, तापला किंवा सोबत ताप आला, तर गोळीची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

मग करावे काय? वजन जास्त असेल तर ते उतरवावे. एक किलो वजन घटले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, असे 2005 साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत आढळले. दुसरे, मांडीचे स्नायू बळकट करावेत. ओट्यावर किंवा खुर्चीवर बसून एक पाय सरळ करा, पाच अंक मोजा, हळूच खाली घ्या. असे दहा वेळा, मग दुसरा पाय. दुखणे वाढले तर संख्या कमी करा, पण सोडू नका. याला पैसा लागत नाही, महिनोन्महिने नेटाने करावे लागते इतकेच.

शिक्षकबंधूंनी एवढे करावे: बाटली घेऊन कोणी विचारायला आले, तर वेष्टनावरची बारीक अक्षरे त्यांना वाचून दाखवावीत, आणि हा व्यायाम समोर बसवून एकदा करून घ्यावा.