माहिती चौकट : रंगाआधीची सपाटी

अमेरिकेत १९३०च्या दशकापासून हौशी लोक घरच्या घरी प्लायवुडचे ‘टीअरड्रॉप’ कॅम्पर, म्हणजे गाडीमागे ओढायच्या थेंबाच्या आकाराच्या छोट्या निवासगाड्या, बांधत आले आहेत. शीट सहसा ८ बाय ४ फुटांची. बाजू त्याहून लांब केली की सांधा आलाच. गुळगुळीतपणाचा निकाल या सांध्यावर लागतो, रंगाच्या डब्यात नाही. रंगाचा थर मिलिमीटरच्या अंशाएवढा. तो खळगा बुजवत नाही. चकचकीत असेल तर तिरप्या उजेडात चुगलीच करतो. म्हणून आधी इपॉक्सीत मायक्रोबलून, म्हणजे पोकळ सूक्ष्म गोळ्यांची पूड, कालवून केलेली लांबी रुंद पात्याने ओढायची. मग लांब फळीवर ताणलेल्या ८० नंबरच्या पॉलिश पेपरने दोन्ही दिशांनी तिरकं घासायचं. बोटांखालचा कागद खळग्यातही उतरतो, फळी फक्त उंचवटे कापते. घासण्याआधी काळ्या रंगाचा हलका फवारा मारला, तर काळं उरेल तिथे खळगा.

जाड प्रायमरने भागणार नाही का? ओरखडे भरतील, लाट नाही. फोमचे कॅम्पर बांधणारे मात्र पॉलिस्टायरीन फोमवर गोंदाने कॅनव्हास चिकटवून वर मॅट रंग देतात. तिथे घासकाम खरंच कमी, कारण कापडाचा पोत बरंच झाकतो. पण त्याच फोमवर फायबरग्लास हवं असेल तर इपॉक्सीच घ्यावं. पॉलिएस्टर रेझिनमधलं स्टायरीन फोम विरघळवतं. इपॉक्सी कडक झाल्यावर कधी वर मेणचट साय धरते. ती आधी पाण्याने धुवायची, नाहीतर कागद चिकटून भरतो आणि पुढे रंग सुटतो.