कंपनी मोटार

कंपनी मोटार म्हणजे एखाद्या आस्थापनेने स्वतःच्या नावावर विकत घेतलेली अथवा भाडेपट्ट्याने घेतलेली आणि आपल्या अधिकाऱ्याला कामासाठी, बहुधा खासगी वापरासाठीही, दिलेली मोटारगाडी. बोलीभाषेत तिला ‘कंपनीची गाडी’ असे म्हणतात. मालकी एकाची, वापर दुसऱ्याचा आणि चालवणे पुष्कळदा तिसऱ्याचे, ही तिची मुख्य खूण होय. गाडी कोणती निवडावी, इंधनाचा खर्च कोणी सोसावा, रात्रीच्या प्रवासाची जबाबदारी कोणाची, यांसारखे तिच्याविषयीचे बहुतेक वाद या तिहेरी रचनेतूनच उद्भवतात.

पार्श्वभूमी

स्वातंत्र्योत्तर काळात भारतात मोटारींची निवड मर्यादित होती. हिंदुस्तान मोटर्सची अँबेसेडर आणि मुंबईत कुर्ला येथे तयार होणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्सची फियाट, म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी, या दोनच गाड्या बहुतेक कार्यालयांच्या दारात दिसत. अँबेसेडरची मागची सीट प्रशस्त असल्याने ती साहेबांची गाडी ठरली. मागे बसणारा तो अधिकारी, ही समजूत त्याच काळात रुजली आणि अजून पुरती गेलेली नाही. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. तिच्यामुळे स्वतः गाडी चालवणारा मध्यम दर्जाचा अधिकारी हा नवा वर्ग पुढे आला. १९९१ नंतरच्या उदारीकरणात परदेशी बनावटीच्या सेदान गाड्या उपलब्ध झाल्या आणि पदानुसार गाडीची श्रेणी ठरवण्याची पद्धत खासगी कंपन्यांत स्थिरावली.

छत्रपती संभाजीनगरातील स्थिती

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथे हा विषय विशेष ठळकपणे दिसतो, याचे कारण शहराची रचना. चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा आणि अलीकडे बिडकीन या औद्योगिक वसाहती शहराच्या वेगवेगळ्या दिशांना आहेत. बजाज ऑटोचा वाळूज येथील कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला; त्याभोवती सुटे भाग बनवणारे असंख्य छोटे-मोठे उद्योग उभे राहिले. कामगारांसाठी कंपनीची बस आणि अधिकाऱ्यांसाठी कंपनीची गाडी, अशी विभागणी या वसाहतींच्या रस्त्यांवर पाळी बदलताना सहज दिसते. वाळूजला राहणारा मनुष्य शेंद्र्याला कामाला असेल, तर त्याला रोज अख्खे शहर ओलांडावे लागते आणि त्यात जालना रस्त्याची गर्दी टळत नाही.

ज्या गाड्या कंपनी मोटार म्हणून वापरल्या जातात, त्यांतील काही याच शहरात तयार होतात, ही येथील दुसरी विशेषता. स्कोडा ऑटोच्या शेंद्रा येथील कारखान्यात २००१ पासून ऑक्टाव्हिया ही गाडी जोडली जाऊ लागली. १.९ लिटरचे डिझेल इंजिन, भक्कम बांधणी आणि मोठी डिकी यांमुळे ती देशभरातील अधिकारीवर्गात लोकप्रिय झाली. पुढे सुपर्ब, तसेच ऑडीच्या काही गाड्याही येथेच जोडल्या गेल्या. २०१९ मध्ये फोक्सवॅगन समूहाच्या भारतातील कंपन्यांचे विलीनीकरण होऊन हा कारखाना स्कोडा ऑटो फोक्सवॅगन इंडियाचा भाग बनला.

ऑक्टोबर २०१० मध्ये शहरातील व्यावसायिकांच्या एका गटाने सुमारे १५० मर्सिडीज-बेंझ गाड्या एकत्रितपणे खरेदी केल्या. व्यवहार सुमारे ६५ कोटी रुपयांचा होता आणि त्यातील मोठ्या भागासाठी भारतीय स्टेट बँकेने कर्ज दिले. खरेदीदारांत उद्योजक, डॉक्टर, बांधकाम व्यावसायिक असे अनेक होते. या गाड्या कंपनीने नोकरदाराला दिलेल्या नव्हत्या, त्यामुळे काटेकोर अर्थाने त्यांना कंपनी मोटार म्हणता येणार नाही. मात्र गाडी हे प्रवासाच्या साधनापेक्षा पतीचे चिन्ह कसे ठरते, याचे हे उदाहरण देशभर गाजले. शहराचे नाव गुंतवणूकदारांपर्यंत पोहोचावे, हा हेतूही त्यामागे सांगितला गेला. पाण्याच्या टंचाईने आणि खड्ड्यांच्या रस्त्यांनी ओळखल्या जाणाऱ्या शहरात हे घडले, ही विसंगती त्या वेळी अनेकांनी नोंदवली आणि ती चुकीची नव्हती.

देण्याच्या पद्धती

जुनी पद्धत अशी की, गाडी कंपनीच्या नावावर, चालक कंपनीच्या पगारावर आणि इंधनाची बिले लेखा विभागाकडे. दुसऱ्या पद्धतीत कंपनी भाडेपट्ट्याने गाडी घेते आणि तिचा मासिक हप्ता अधिकाऱ्याच्या एकूण वेतनातून वजा होतो. मुदत संपल्यावर ठरलेल्या किमतीला ती गाडी त्याला विकत घेता येते. तिसरी पद्धत भाड्याच्या टॅक्सीची. येथे पाटीचा रंग महत्त्वाचा असतो. भाड्याने चालणाऱ्या वाहनाला पिवळी पाटी आणि परवाना लागतो. तरीही पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कंपनीला महिन्याच्या कराराने लावण्याचा प्रकार आढळतो. असे वाहन अपघातात सापडले, तर खासगी वाहनाचा विमा भाड्याच्या वापरासाठी नव्हता, या मुद्द्यावर विमा कंपनी दावा अडवू शकते, आणि मग भरपाईची लढाई जखमी प्रवाशाला किंवा चालकाच्या कुटुंबाला लढावी लागते.

करआकारणी

कंपनीची गाडी फुकट मिळते, हा समज चुकीचा आहे. खासगी वापराचा लाभ आयकर कायद्यानुसार वेतनातच धरला जातो. आयकर नियम, १९६२ मधील नियम ३ नुसार, गाडी कामासाठी आणि खासगी अशा दोन्ही कारणांसाठी वापरली जात असेल आणि खर्च कंपनी करत असेल, तर १.६ लिटरपर्यंतच्या इंजिनासाठी दरमहा १,८०० रुपये आणि त्याहून मोठ्या इंजिनासाठी २,४०० रुपये इतके लाभमूल्य धरले जाई. चालक दिला असल्यास त्यात ९०० रुपयांची भर पडे. १.९ लिटरची ऑक्टाव्हिया त्यामुळे वरच्या टप्प्यात येई. २०२५ चा नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू होत असल्याने त्यापुढील वर्षांसाठी नव्या नियमांतील रकमा पाहाव्या लागतात.

गाडी निव्वळ कामासाठीच वापरली, तर जुन्या नियमांनुसार लाभमूल्य शून्य धरले जाई. त्यासाठी मात्र प्रवासाची तारीख, ठिकाण, अंतर आणि खर्च यांची नोंद ठेवावी लागे. घर ते कार्यालय हा प्रवास खासगी लाभ मानला जात नसे. ही नोंदवही, म्हणजेच ‘लॉगबुक’, महिनाअखेरीस एकाच शाईने भरण्याची प्रथा सर्वत्र आहे. तपासणीत तीच प्रथम लक्षात येते.

वापरलेली गाडी अधिकाऱ्याला विकतानाही कर लागतो. मूळ किमतीतून प्रत्येक पूर्ण वर्षासाठी २० टक्के घट, उरलेल्या रकमेवर, अशा रीतीने मूल्य काढले जाते. १२ लाखांची गाडी तीन वर्षांनंतर ६ लाख १४ हजार ४०० रुपयांची धरली जाते. ती ४ लाखांना दिली, तर उरलेले २ लाख १४ हजार ४०० रुपये त्या व्यक्तीच्या उत्पन्नात मिळवले जातात. बाजारात तिला काय भाव मिळतो, याचा या हिशेबाशी संबंध नसतो. कंपनीच्या बाजूने पाहता, गाडीवर सर्वसाधारणपणे दरवर्षी १५ टक्के घसारा मिळतो. परंतु चालकासह १३ आसनांपर्यंतच्या प्रवासी गाड्यांवर भरलेल्या वस्तू व सेवा कराची वजावट, काही अपवाद सोडता, मिळत नाही.

चांगली कंपनी मोटार

खरेदी विभाग किंमत पाहतो, वापरणारा बोधचिन्ह पाहतो आणि चालक क्लच पाहतो. या तिघांपैकी चालकाचे मत सहसा विचारले जात नाही, वास्तविक रोजचे आठ-दहा तास गाडीत तोच असतो.

संभाजीनगरच्या परिस्थितीत काही गुण उघडच महत्त्वाचे ठरतात. मराठवाड्याचा उन्हाळा तीव्र असल्याने मागच्या आसनापर्यंत पोहोचणारी वातानुकूलन यंत्रणा हवी. रस्त्यांवरील खड्डे आणि गतिरोधक पाहता गाडीचा तळ जमिनीपासून पुरेसा उंच हवा. परदेशी पाहुण्यांना वेरूळला किंवा अजिंठ्याला नेण्याचा रिवाज येथील कंपन्यांत जुना आहे. सिल्लोडमार्गे जाणारा अजिंठ्याचा रस्ता रुंदीकरणाच्या काळात काही वर्षे इतका खराब होता की, कमी उंचीच्या महागड्या सेदानपेक्षा साधी इनोव्हा अधिक उपयोगी ठरे. जुन्या शहरातील मकाई दरवाजासारख्या अरुंद ऐतिहासिक दरवाजांतून जाताना गाडीची रुंदीही अडचणीची ठरते. दुरुस्ती केंद्र शहरातच असावे, हा आणखी एक निकष. एका सुट्या भागासाठी पुण्याची वाट पाहत आठवडाभर उभी असलेली गाडी कितीही चांगली असली तरी कामाची नाही.

सुरक्षिततेचा निकष अलीकडे पुढे आला आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्याबरोबर मागच्या आसनावर बसलेले जहांगीर पंडोल यांचा मृत्यू झाला. दोघांनीही सीटबेल्ट लावलेला नव्हता. गाडी मर्सिडीज होती. मागच्या आसनावरील सीटबेल्ट नियमाने आधीपासूनच बंधनकारक होता, परंतु साहेबांना बेल्ट लावायला सांगणे चालकाच्या अधिकारात बसत नाही, ही कंपनीच्या गाडीची खास अडचण आहे. ‘भारत एनकॅप’ ही देशी सुरक्षा-गुणांकन योजना १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाल्याने खरेदीपूर्वी गाडीचे तारे पाहणे सोपे झाले आहे.

चालक आणि रात्रीचा प्रवास

सकाळी निघून पुण्यातील बैठक आटोपायची आणि रात्रीच परतायचे, हा शहरातील कंपन्यांचा नेहमीचा क्रम. जाऊन-येऊन हे अंतर साडेचारशे किलोमीटरहून अधिक होते. बैठक चालू असताना चालक वाहनतळावर थांबलेला असतो. त्या थांबण्याला काम मानले जात नाही, विश्रांतीही तेथे होत नाही. मोटार परिवहन कामगार कायदा, १९६१ मध्ये दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती, परंतु तो मुख्यतः पाच किंवा अधिक कामगार असलेल्या परिवहन व्यवसायांसाठी होता. एखाद्या कारखान्याच्या दोन गाड्यांवरील दोन चालक व्यवहारात त्याच्या कक्षेबाहेरच राहिले.

डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी या टप्प्याने सुरू झालेला आणि जून २०२५ मध्ये पूर्ण झालेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग शहराजवळून जातो. त्यावर मोटारींसाठी ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. सरळ, एकसुरी रस्त्यामुळे येणारी गुंगी आणि तापलेल्या काँक्रीटवर फुटणारे टायर ही तेथील अपघातांची वारंवार चर्चिली गेलेली कारणे होत. चांगल्या कंपन्या यावर दोन साधे उपाय करतात: ठरावीक वेळेनंतर परतीचा प्रवास न करता मुक्कामाचा खर्च मंजूर करणे, आणि टायर झिजण्यापूर्वी किलोमीटरच्या हिशेबाने बदलणे. हा खर्च गाडीच्या किमतीच्या मानाने नगण्य असतो, पण अंदाजपत्रकात त्यासाठी वेगळा रकाना नसल्याने तो मंजूर करून घेणे अवघड जाते.

विजेवरील मोटारी

हिरव्या पाटीच्या विद्युत मोटारी कंपन्यांच्या ताफ्यात वाढू लागल्या आहेत. वसाहतींमधील ठरावीक अंतराच्या फेऱ्यांसाठी त्या सोयीच्या आहेत, कारण कारखान्याच्या आवारातच चार्जिंग करता येते. लाभमूल्याचा जुना नियम इंजिनाच्या लिटरवर आधारलेला असल्याने इंजिनच नसलेली गाडी कोणत्या टप्प्यात धरावी, असा प्रश्न लेखापालांपुढे उभा राहिला. विद्युत आणि हायब्रीड मोटारींच्या प्रस्तावित प्रकल्पासाठी टोयोटा किर्लोस्कर मोटरने जुलै २०२४ मध्ये राज्य शासनाशी सामंजस्य करार केला असून त्यासाठी छत्रपती संभाजीनगरची निवड झाली आहे.